देवधानाची रोवणी

तण ओळखण्यात माझा हात धरणारं अख्ख्या मिरजेत कुणी नाही, असं मी गेल्या वर्षीच्या श्रावणापर्यंत समजत होते. पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, निवृत्त झाल्यावर घरामागच्या दोन गुंठ्यांत बाग केली आणि तिथल्या गवताला सळो की पळो करून सोडलं. शेजारच्या बायका वाफ्यात काही नवीन उगवलं की मला हाक मारतात. भंडारा जिल्ह्यातल्या एका तळ्यानं माझं हे शहाणपण चिखलात पुरलं. त्याबद्दल मी त्या तळ्याची आणि तिथल्या दोन बायकांची कायमची ऋणी आहे. गावाचं नाव मात्र सांगणार नाही. का, ते पुढं येईलच.

शनिवार, साकोली

माझी भाची प्राजक्ता साकोलीजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे. दर रविवारी ती गावकऱ्यांबरोबर तळ्याकाठानं फेरी काढते. पक्षी बघायचे, पाणवनस्पती बघायच्या आणि मग तळ्यातलं काहीतरी काम करायचं. "मावशी, तुला गवत उपटायची एवढी हौस आहे ना, ये की इकडं," असं ती दोन वर्षं म्हणत होती. शेवटी गेले. मिरज ते नागपूर या प्रवासाबद्दल काही लिहीत नाही. ज्यांनी केलाय त्यांना ठाऊक आहे, ज्यांनी केला नाही त्यांना उगाच भीती कशाला घालू?

साकोलीच्या बाजारात छत्री घ्यायला थांबलो. दुकानदारानं विचारलं, "कोठून आल्या बाई?"

"मिरजेहून."

"ते कुठी आलं?"

"सांगलीजवळ."

"म्हणजे पुन्याकडं," असं म्हणून त्यानं माझा निकाल लावला. मला हसू आलं, पण आम्ही तरी कुठं शहाणे? निघताना शेजारच्या काकूंनी मला संत्री आणायला बजावलं होतं. इथं हायवे सोडून आत वळलं की जिकडे बघाल तिकडे धान. बांध घातलेल्या लहान लहान तुकड्यांत पाणी साचवलेलं, त्यांना इथं बांद्या म्हणतात. आमच्याकडचा ऊस माणसाला गिळून टाकतो, पलीकडचं काही दिसू देत नाही. धान गुडघ्याएवढं असतं, त्यामुळं डोळा पार जंगलाच्या कडेपर्यंत जातो.

रात्री ताटात भात, लाखोळीची डाळ आणि वर जवसाची चटणी आली. मी सवयीनं भाकरीची वाट बघत बसले. "मावशी, इथं भातालाच जेवण म्हणतात," प्राजक्ता म्हणाली. तिसऱ्या दिवशी मीही तसंच म्हणायला लागले.

रविवार, तळ्याची फेरी

आमच्याकडं तळं म्हणजे देवळापुढचं, पायऱ्या बांधलेलं, कासवं असलेलं. इथं तळं म्हणजे गावाचं पोट. पूर्वजांनी धानाला पाणी मिळावं म्हणून बांधलेलं. शेतकरी त्यातून पाणी घेतात, ढीवर त्यात मासे धरतात. पाणी केव्हा सोडायचं यावरून दोघांत दरवर्षी बाचाबाची होते, आणि तळं दोघांनाही पोसत राहतं.

फेरीला वीस-बावीस माणसं होती. दुर्बीण एकच, ती हातोहात फिरत होती. कमळपक्षी आपली लांब बोटं पसरून पानांवरून चालत होता आणि मागे त्याची पिल्लं धडपडत होती. मी आयुष्यात प्रथमच तो पाहिला आणि फोटोच्या नादात फेरीच्या मागेच राहिले. पुढं काय सूचना दिल्या गेल्या, त्या मी ऐकल्याच नाहीत. हे लक्षात ठेवा.

फेरीच्या पुढं यमुनाबाई होत्या. ढीवर समाजाच्या, सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, लुगड्याचा काचा मारलेल्या. सगळे त्यांना मोठीमाय म्हणतात. मी दुर्बीण पुढं केली तर त्यांनी हातानंच नको म्हटलं.

"डोरे म्हातारे झाले, बाई. पाय नाई झाले."

मला कळेना. त्या पाण्यात उतरल्या, गुडघाभर गेल्या आणि मान वर ठेवून हळूहळू चालू लागल्या. "हे चिऊल. हे गाद. इथं काही नाई, निस्ता चिखल." त्या खाली बघतच नव्हत्या. गढूळ पाण्याखाली कुठली वनस्पती आहे, ते त्यांच्या पायाची बोटं त्यांना सांगत होती. मीही चप्पल काढून उतरले. माझ्या पायाला फक्त गार लागलं आणि थोडी भीती वाटली.

मग तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. काही वर्षांपूर्वी तळं खोल करताना यंत्रानं कडा खरवडून नेल्या. त्याबरोबर पाणवनस्पती गेल्या. मासे अंडी घालतात त्यांच्याच आडोशाला, तर मासेही कमी झाले, पक्षीही. गावातल्या ढीवर बायकांनी मिळून तळ्याचा एक कोपरा मागून घेतला, उन्हाळ्यात तो ट्रॅक्टरनं नांगरला आणि दुसऱ्या तळ्यांतून रोपं आणून एक एक करून हातानं लावली. दर रविवारच्या फेरीतली माणसंही या कामाला हात लावतात.

"गाद आली, चिऊल आलं," यमुनाबाई म्हणाल्या. "देवधान तेवढं येऊन नाई राहिलं होतं. यंदा आलं."

देवधान म्हणजे तळ्याच्या कडेला आपोआप उगवणारा रानभात. कुणी नांगरत नाही, कुणी पेरत नाही. म्हणून ऋषिपंचमीला बायका तो खातात, कारण त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नसतं. हे ऐकून मला फार बरं वाटलं. माझी आईही त्या दिवशी परसातल्या भाज्या एकत्र करून ऋषीची भाजी करायची आणि बैलाला नमस्कार करून म्हणायची, आज तुझी सुटी. यमुनाबाईंच्या आणि माझ्या गावांत एवढं अंतर, आणि बैलाची सुटी मात्र एकाच दिवशी.

तळं खरवडलं तेव्हापासून यमुनाबाई साकोलीच्या बाजारातून दुसऱ्या कुठल्या तरी तळ्याचं देवधान आणून पंचमी करत होत्या. ते त्यांच्या मनाला लागलं होतं. सिहोऱ्याकडं त्यांचं माहेर आहे. तिथून त्यांनी पदराच्या गाठीत बी आणलं. पहिल्या वर्षीचं गुरांनी खाल्लं. यंदा मात्र दोन खाटा मावतील एवढ्या जागेत हिरवं उभं राहिलं होतं. मी ते पाहायला मात्र गेले नाही.

"एकदा तरी ह्या तऱ्याचं देवधान ह्या तोंडात जाऊ दे," त्या म्हणाल्या. तळ्याला त्या तरा म्हणतात. "मंग बाकी काही मांगत नाई."

दुपारी त्यांच्याकडं जेवलो. तांदळाच्या पिठाचे जाळीदार आयते, म्हणजे आमच्या घावनांचे थोरले भाऊ, आणि सोबत झिंग्यांची भाजी. मी पाच आयते खाल्ले. सहावा यमुनाबाईंनी न विचारता वाढला.

सोमवार

प्राजक्ताची शाळा होती. मी म्हटलं, मी एकटीच जाते तळ्यावर, मला काम द्या.

त्या दिवशी देवकाबाई नावाच्या शेतकरीण पहिल्यांदाच कामाला आल्या होत्या. चाळिशीच्या, हाडापेरानं मजबूत. शेतकऱ्यांच्या घरची बाई तळ्याच्या या कामाला यायची ही पहिलीच वेळ. "आमच्या गल्लीतल्या बाया हासतेत," त्यांनी मला सांगितलं. "म्हनतेत, ढिवराच्या कामात तू कायले जातेस? मी म्हनलं, पानी तं आपन बी पितो ना त्याचंच." इथल्या बायका 'मी जातो, मी करतो' असं बोलतात. मला ते ऐकायला फार आवडायचं.

यमुनाबाई इतर बायकांना घेऊन शेजारच्या तळ्यातून गादीचे कंद आणायला गेल्या. आम्हा दोघींना काठावरून आत सरकणारं आडमुठं गवत काढायचं काम होतं. जाताना देवकाबाईंना त्या म्हणाल्या, "चिंधीच्या अलीकडचं काढजो." मी तेव्हा पायाला जळवा लागू नयेत म्हणून तंबाखूचं पाणी चोळत होते.

देवकाबाईंचे हात बघत राहावे असे होते. दोन आठवडे स्वतःच्या बांद्यांत निंदण करून आल्या होत्या. डावा हात गवताचा बुडखा पकडायचा, उजवा मुळासकट उपसायचा, आणि जुडी मागं पाळीवर जाऊन पडायची. मी त्यांच्या मागोमाग. तेवढ्यात माझी चप्पल चिखलात रुतली. ओढायला वाकले तर तोल गेला, म्हणून जवळ रोवलेल्या एका बांबूच्या काठीला धरलं. काठी उपटून हातात आली; देवकाबाई वाकून गवत उपसत होत्या, त्यांनी काही पाहिलं नाही. चप्पल गेली ती गेलीच. काठी मात्र मला बरी वाटली. चिखलात तिसरा पाय मिळाला. तिच्या टोकाला लाल चिंधी बांधलेली होती. चष्म्यावर पाणी उडालं होतं, तो मी त्या चिंधीनं पुसला.

आम्ही पुढं सरकत राहिलो. एके ठिकाणी गवत जरा वेगळं, धानासारखं दिसलं. मी विचारलंसुद्धा, "हे काय हो?"

"हे खोटं धान. बांदीत आलं का सारं पीक खाते," देवकाबाई म्हणाल्या आणि त्यांचे हात आणखी जोरात चालू लागले. जन्मभर शेतात जे शोधून शोधून उपटलं, ते समोर आल्यावर हात थांबतील कसे? आणि त्यांच्या लेखी चिंधी अजून आलीच नव्हती, म्हणजे त्या अलीकडेच होत्या. मीही दोन्ही हातांनी उपटलं. एरवी जिथं तिथं मीच शहाणी, पण त्या हातांपुढं मी ते शहाणपण बाजूला ठेवलं होतं.

दुपार कलायच्या सुमाराला यमुनाबाई बाकीच्यांच्या आधी, एकट्याच परतल्या. डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि कंद भिजत घालायला पाण्यात उतरल्या. नेहमीसारखी मान वर. दोन पावलं, तीन पावलं चालल्या आणि थांबल्या. पाय तिथंच चाचपत राहिला. खाली त्यांनी अजूनही पाहिलं नव्हतं.

"इथं होतं," त्या म्हणाल्या. "माहं देवधान इथं होतं."

देवकाबाईंनी पाळीवरच्या ढिगाकडं पाहिलं. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. "अवो माय! मीच उपडलं, मोठीमाय. खोटं धान समजून उपडलं."

"चिंधी नाई दिसली तुले?"

देवकाबाईंनी माझ्या हातातल्या काठीकडं पाहिलं. चिंधी तिच्या टोकाला लोंबत होती. त्यांना सगळं कळलं, हे मला स्पष्ट दिसलं. मग त्यांनी नजर खाली वळवली.

"नाई दिसली," त्या म्हणाल्या.

पाहुणीचं नाव त्या घेणार नव्हत्या. गल्लीतल्या बायका हसतील, यमुनाबाई पुन्हा कामाला बोलावणार नाहीत, हे सगळं डोक्यावर घ्यायला ती बाई उभ्या उभ्या तयार झाली होती. पस्तीस वर्षं मी वर्गात विचारत आले, "कुणी केलं? उभं राहा." आता उभी तर मी होतेच, फक्त बोलायचं होतं. तेवढंच फार जड गेलं.

"काठी मी उपटली," मी म्हटलं. "माझी चप्पल रुतली म्हणून. काल तिचा अर्थ सांगितला तो मी ऐकला नाही, आज कुणाला विचारला नाही. आणि या चिंधीनं मी चष्मा पुसला."

यमुनाबाईंनी काठी घेतली. चिंधी बोटांत धरून पाहिली. ती त्यांच्याच जुन्या लुगड्याचा काठ होती. मग त्या पाळीवर जाऊन पाण्याकडं तोंड करून बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, त्यात यमुनाबाईंचं दुःख जेवढं होतं, तेवढाच माझ्या स्वतःच्या दीडशहाणपणाचा संताप होता.

देवकाबाई ढिगाशी बसून एक एक रोप उलटंपालटं करत होत्या. एकाचं मूळ त्यांनी नखानं खरवडलं.

"मोठीमाय, मूळ ओलं हाये. धानच हाये ना हे? रोवलं का लागते. आमचे धानाचे पऱ्हे पेंडी बांधून दोन दिस ठेवले तरी जगतेत."

"ते लेकरू राह्यते. हे मोठं झालं," यमुनाबाई मागं न बघता म्हणाल्या.

"शेंडे छाटू. पात कमी केली का मुळाले दम भेटते. मी वीस वर्सं रोवना करून राहिलो, मोठीमाय. एक डाव रोवू दे."

यमुनाबाई उठल्या आणि काचा पुन्हा घट्ट केला. "तूच उपडलं, तूच रोव. अन् ह्या बाईलेही उतरव पान्यात."

देवकाबाईंनी पाळीवरून त्यांच्या गल्लीतल्या बायकांना हाक मारली. शेजारच्या बांद्यांतून चौघी आल्या, हसणाऱ्याच. काय झालं ते ऐकून एक म्हणाली, "आमच्याही हातानं तेच झालं असतं वं," आणि पहिल्यांदाच तळ्यात उतरली. ढिगातून गवत आणि देवधान वेगळं केलं, शेंडे छाटले, पेंड्या बांधल्या. मग सगळ्या एका रांगेत वाकल्या आणि मागं मागं सरकत रोवू लागल्या. मी त्यांच्या टोकाला. अंगठ्यानं मूळ चिखलात दाबायचं आणि हात अलगद काढून घ्यायचा, एवढंच असतं. माझी रोपं तरीही आडवी होत होती.

"बाई, तुमचं झोपून राहिलं ना!" देवकाबाई ओरडल्या. यमुनाबाई माझ्या मागून चालत होत्या आणि माझं प्रत्येक रोप पायाच्या अंगठ्यानं सरळ दाबत होत्या. माझी ओळ त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली नाही.

ऊन उतरलं तेव्हा जागा पुन्हा हिरवी दिसत होती, जरा आजारी माणसासारखी. माझ्या डाव्या पायाला दोन जळवा लागल्या होत्या. त्या मला घरी गेल्यावरच दिसल्या.

मंगळवार

निघायच्या आधी यमुनाबाईंकडं गेले. माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी पळसाच्या पानांत बांधलेले आयते हातात दिले, वाटेत खायला.

"गावाचं नाव कोनाले सांगू नका. लोकं देवधान कापून बाजारात नेतेत," त्यांनी बजावलं. मग म्हणाल्या, "जगलं तं सांगतो. नाई जगलं तं नाई सांगत."

एस.टी. हलली तरी हे वाक्य मनातून जाईना.

मिरज

श्रावण संपला, गणपती आले, दसरा झाला. काही कळलं नाही. प्राजक्ताचा फोन आला की मी हवापाण्याचं विचारायचे, तळ्याचं विचारायचा धीर व्हायचा नाही. तीही काही बोलायची नाही. बागेत गेले की गवताला हात लावण्याआधी आता मी थांबायला लागले होते. एका वाफ्यातलं कसलंसं रोप मी नाव कळेपर्यंत ठेवलं. तो दुधी भोपळा निघाला, आणि दिवाळीपर्यंत आम्ही त्याचीच भाजी खाल्ली.

दिवाळी झाल्यावर अनोळखी नंबरवरून फोन आला. "बाई, मी देवका बोलतो. मोठीमायनं सांगाले सांगलं. लोंब्या आल्या!" मी हातातलं तबक खाली ठेवलं आणि स्वयंपाकघरातच खुर्चीवर बसले. निम्मी रोपं गेली होती, निम्मी लागली होती. यमुनाबाईंनी जवळजवळ सगळे दाणे पाण्यात गळू दिले, पुढल्या साली उगवावेत म्हणून. काढलं ते फक्त ओंजळभर.

यंदाच्या श्रावणात प्राजक्ता सुटीला आली. तिच्या पिशवीत लाल चिंधीची एक पुरचुंडी होती. आत तांबूस तांदूळ, जेमतेम दोन चमचे. यमुनाबाईंनी त्या ओंजळीचे तीन वाटे केले होते. एक त्यांचा, एक देवकाचा, एक माझा; बाकी चौघींचा पुढल्या सालच्या पिकात. ज्यानं रोवलं त्याला वाटा, अशी तिथली रीत आहे म्हणे. उपटणाऱ्याबद्दल रीत काय सांगते, ते मी विचारलं नाही.

काल ऋषिपंचमी झाली. आईच्या पद्धतीची भाजी केली आणि ते दोन चमचे देवधान वाटीत शिजवलं. चिकट, थोडं गोडसर, मागून मातीची चव. घरात सगळ्यांना दाणा दाणा दिला. मग देवकाबाईंच्या नंबरवर फोन लावला. पलीकडं यमुनाबाईंचा आवाज आला, "खाल्लं, बाई. ह्या तऱ्याचंच खाल्लं." एवढंच बोलून त्यांनी फोन देवकाबाईंकडं दिला.

मी विचारलं, "यंदा किती उगवलंय?"

"लय आलं. अर्धा कोपरा हिरवा झाला. आता आमच्या गल्लीतल्या आठ बाया येतेत कामाले."

"आणि काठी? चिंधी बांधलीत ना नवी? घट्ट रोवा हो यंदा."

देवकाबाई हसल्या. मागून पाण्याचा आवाज येत होता.

"काठी नाई लावली, बाई," त्या म्हणाल्या. "मीच उभी राह्यतो तिथं."